तिसरा पीळ

कमलबाईंच्या दोन म्हशी आमच्या भिंतीला पाठ लावून राहतात. त्यांचं खाणंपिणं आणि रुसणंफुगणं मला घरच्या माणसांइतकंच ठाऊक आहे. हिंगोलीत हे दोन खोल्यांचं घर घेतलं तेव्हा रामप्रसाद, म्हणजे आमचे हे, म्हणाले होते की वास येईल. वास येतो, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडतो. लेकीला शाळेच्या रिक्षात कोंबावं, यांच्या डब्याला झाकण लावावं आणि चहाचा कप घेऊन ओट्यावर बसावं, एवढ्यावर मी खूश असते. कुणी विचारलंच की शिलाबाई, अजून काय पाहिजे, तर मला पटकन काही सुचणार नाही. त्या दिवशी, संक्रांत होऊन आठेक दिवस झाले असतील, कमलबाईंकडे टेम्पोतून वाढे आले होते. उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला तो वाढे. ऊस तोडणारे लोक त्याच्या पेंढ्या बांधून विकतात, आणि म्हशी त्यावर लग्नाच्या पंगतीसारख्या तुटून पडतात. कमलबाईंचा हात दुखत होता म्हणून मी कप खाली ठेवला आणि एक पेंढी पुढ्यात ओढली. कमलबाई विळा आणायला आत वळल्या. त्या परत येईपर्यंत पेंढी सुटली होती. म्हणजे मी सोडली होती, पण सोडताना माझ्या ते लक्षातच आलं नाही. बोट आपलं आपण गाठीच्या खालच्या बाजूला गेलं, दडवलेलं टोक त्यानं धरलं आणि ओढलं. "अगं बाई," कमलबाई म्हणाल्या, "मी सकाळपासून इळ्यानं कापून राहिले, अन् तू नुसती बोटानं सोडली? काय जादू करून राहिली का?" मी म्हटलं, जादू कसली, टोक खालून ओढायचं. त्यांनी लगेच दुसरी पेंढी ओढून पाहिली, ती सुटली, आणि त्या लहान मुलीसारख्या हसल्या. मी मात्र हातातल्या पाल्याकडे बघत बसले. त्याला तीन पीळ होते. चहावर साय धरली.

दोन पीळ मोठ्या माणसाचे. ऊस तोडून त्याची मोळी करतात तेव्हा दोन मुठी वाढे घ्यायचे, शेंड्याला शेंडा गुंफून दोरासारखा लांब बंद करायचा, तो मोळीखालून घ्यायचा आणि दोन्ही टोकं ओढून पीळ भरायचा. बाप्या माणसाच्या ओढीत जोर असतो, बायकांच्याही असतो. दोन पिळांत काम होतं, आणि टोक वरून असं कोंबतात की ते विळ्याशिवाय सुटत नाही. वाढ्याच्या पेंढीलाही हीच गाठ. लेकराला तेवढी ओढ कुठून येणार? म्हणून याडीनं, आम्ही बंजारे आईला याडी म्हणतो, मला सातव्या वर्षी शिकवलं होतं: गुडघा दे, तीन पीळ दे, अन् टोक खालून खोव. मोळीवर गुडघा दाबून धरायचा, म्हणजे हातांना तितकं ओढावं लागत नाही. तिसरा पीळ कमी जोराची भरपाई करतो. ही आमच्या सेनगावकडच्या तांड्याची रीत, दुसऱ्या टोळ्यांची लेकरं वेगळं बांधतात. माझ्या उजव्या गुडघ्याखाली अजून काळपट वण आहे. लेक विचारते तेव्हा मी सांगते, सायकलवरून पडले. आमच्या तांड्यावर तेव्हा एकच सायकल होती, आणि ती मुकादमाची होती.

मुकादम म्हणजे मोहनसिंग काका, माझ्या बापाचे, वसरामचे, चुलतभाऊ. टोळी त्यांची, कारखान्याशी बोलणं त्यांचं, कुणी उसाच्या कुठल्या फडात उतरायचं ते त्यांनी ठरवायचं. मी दहा वर्षांची असताना एकदा फडात माझी बडबड ऐकून ते बापाला म्हणाले होते, "वसराम, ही पोरगी मोळ्या कमी बांधती अन् तोंड जास्त चालवती. शाळेत टाक हिला. तिथं बोलायचंच काम असतं." सगळी टोळी हसली. पण काका नुसतं बोलून थांबले नाहीत. पुढच्या हंगामाच्या आधी त्याच सायकलवर बसवून त्यांनी मला आश्रमशाळेत नेलं आणि मास्तरांना दम दिला की ही पळून आली तर मी तुमाला विचारीन. मी पळाले नाही. शिकले, बारावी झाले, ग्रॅज्युएट झाले. तेव्हा आज मी जी काही आहे ती काकांच्या एका थट्टेवर उभी आहे. हे मी सणासुदीला त्यांना ऐकवते, आणि ते मिशीतल्या मिशीत हसतात.

आता माझं काम असं. एक मोठी चॉकलेट कंपनी आहे. तिला लागणारी साखर ज्या कारखान्यांतून जाते त्यातला एक आखाडा बाळापूरकडे आहे. त्याला ऊस तोडणाऱ्या टोळ्यांत कुणी लेकरू कामाला नाही ना, हे बघून कंपनीला कळवायचं. नांदेडच्या एका हॉटेलात आमचं प्रशिक्षण झालं होतं. पडद्यावर दूरदेशीची लेकरं दाखवली. काळी तुकतुकीत, डोक्यावर कोकोच्या शेंगांची टोपली, हातात अर्ध्या अंगाएवढा कोयता. एअर कंडिशनच्या गारठ्यात आम्ही सगळ्या बाया हळहळलो. मी तर रडलेसुद्धा. पुण्याहून आलेल्या साहेबांनी माझ्याकडे टिशू पेपरचा डबा सरकवला आणि म्हणाले की अशीच संवेदनशील माणसं आम्हाला हवीत. तेव्हापासून चार हंगाम, दर हंगामात चार भेटी, मी फडावर जाते आणि फॉर्म भरते. त्यात ओळ आहे, 'कामावर दिसलेली मुले'. तिथे मी शून्य लिहिते. पानाच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलंय की शून्य असल्यास पान दोन भरण्याची गरज नाही. पान दोन मी कधी उलटलंच नाही. संक्रांतीला कंपनीकडून कुरिअरनं चॉकलेटचा खोका आला, वर सोनेरी कागद, आत कार्ड: 'सलग चार हंगाम शून्य. आम्हाला तुमचा अभिमान आहे.' लेकीनं वर्गात वाटली. मीही चार-पाच खाल्ली, जिभेवर विरघळू देत, डोळे मिटून. मला चॉकलेट मनापासून आवडतं.

आणि शून्य खोटं नव्हतंच की. मला खरंच कुणी दिसलं नव्हतं. ओट्यावर बसून मी स्वतःला हे समजावून सांगत होते. हातातला पाला मात्र सोडवत नव्हता. मला कुणी दिसत नव्हतं, कारण मी फोन करून जात होते. आदल्या दिवशी काकांना फोन लावायचा, 'काका, उद्या येते.' आमच्या माणसांत न सांगता कुणाच्या दारात उभं राहिलं तर घरातल्या बाईला मेल्याहून मेल्यासारखं होतं. चहाला दूध नसतं, बसायला धड पोतं नसतं. पाहुण्यानं आधी कळवायचं, ही साधी माणुसकी. मी कळवायचे. मी गेले की चहा तयार असायचा, काकू डोक्यावरून पदर घेऊन उभ्या असायच्या आणि फड झाडून काढल्यासारखा दिसायचा. लेकरांची एक चप्पलसुद्धा दिसायची नाही. मी पोळी खाऊन, दोन गोष्टी बोलून, शून्य लिहून परतायचे. मला ठाऊक होतं का? हा प्रश्न मी त्या सकाळी पहिल्यांदा स्वतःला सरळ विचारला. उत्तर असं आलं की ठाऊक नव्हतं, पण ठाऊक करून घ्यायचीही मला काही घाई नव्हती. झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?

मी साडी बदलली, पिशवीत फॉर्म घातले आणि डेपोवर गेले. हे एसटीत कंडक्टर, यांची नांदेडची गाडी साडेदहाला सुटते. मला बघून यांनी कंडक्टरी आवाज काढला, "बोला मॅडम, कुठं?" म्हटलं, बाळापूर. "अर्धं तिकीट," हे म्हणाले, आणि तिकीट फाडून हातात देताना बारीक आवाजात विचारलं, "आज कसं काय? भेट तर पुढच्या महिन्यात हाय ना? काकाला फोन केला का?" मी नाही म्हटलं. "फोन न करता? काहून?" मी वाढ्याचा तो तुकडा पिशवीतून काढून दाखवला. रामप्रसादही तांड्याचेच, त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी पीळ मोजले, तुकडा परत दिला आणि मागच्या सीटकडे सरकले. कळमनुरी येईपर्यंत ते पुन्हा माझ्याकडे आले नाहीत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी हळदीची पानं वाळून पिवळी पडली होती, ऊन कोवळं होतं, खिडकीतून गार वारा येत होता, आणि मला इतकं बरं वाटत होतं की लाज वाटली. वाईट कामाला निघालेल्या माणसाला असं बरं वाटू नये. मी चाललेच होते कशाला? शून्याच्या जागी आकडा लिहिला तर कंपनी विचारणार, बाई, मग चार वर्षं काय करत होता? नोकरी जाईल. कारखान्याला कंपनी सोडेल. कारखाना काकांची टोळी काढून टाकेल, भर हंगामात वीस कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या वीस जोड्या, रस्त्यावर येतील. ज्या माणसानं मला सायकलवरून शाळेत नेलं त्याच्या ताटात मी माती कालवणार, आणि न कालवावी तर ते तीन पीळ माझ्या बोटांतून जाणार नाहीत. बाळापूरला उतरताना हे एवढंच म्हणाले, "काय लिहायचं ते लिहा. माझी नोकरी हाय अजून."

फड नाल्याच्या पलीकडे होता. मी बांधावरून आले, नेहमीच्या रस्त्यानं आले नाही. कापलेल्या उसाचा गोडसर कच्चा वास आला आणि माझं वय घसरलं. बांधाच्या अलीकडेच एक मुलगी पाठमोरी बसली होती, नऊ-दहा वर्षांची, केसांना लाल रिबीन. गुडघा मोळीवर, हात पिळात. एक, दोन, तीन, आणि टोक खालून. पुढची मोळी. मला बघून ती दचकली नाही. कुणी सांगितलंच नव्हतं तर दचकणार कशी? मी तिच्याजवळ खाली बसले आणि वाढे गुंफायला घेतले. तिनं माझे हात बघितले. आम्ही आमच्या बोलीत बोललो, इथं मी मराठीत सांगते. "तुमाला येतं?" तिनं विचारलं. म्हटलं, येतं थोडं. नाव काय तुझं? शितल. कितवीत? "चौथीत नाव हाय," ती म्हणाली. दिवाळीपर्यंत ती शाळेत असते, मग इकडे. तिची आई चांगुणा, ती काय तिकडं तोडून राहिली. धाकटा भाऊ चिंचेखाली झोळीत. पटपट बोलत होती, हात चालवत होती, माझ्यासारखं नव्हतं तिचं, दोन्ही कामं जमत होती. मग ती म्हणाली, "तुमी शिला मॅडमला ओळखता का?" माझा हात थांबला. "कोण ती?" "कंपनीच्या मॅडम. त्या येणार असल्या का मुकादम बाबा आमाला नाल्यात नेऊन बसवतात. सगळ्या लेकरायला. बिस्किटाचा पुडा बी देतात. त्या जाईपर्यंत काहीच करायचं नसतं, आमी चिंचोके खेळतो. मॅडमचा दिस लई मजेचा असतो." तिनं पीळ दिला, टोक खोवलं. "पण त्या लई कमी येतात. रोज आल्या असत्या तर बरं झालं असतं."

मी मोळीवर गुडघा ठेवून तशीच बसले. मला रडू आलं नाही. नांदेडला पडद्यासमोर आलं होतं, इथं नाही आलं. मला आधी, लाज वाटते सांगायला, आनंद झाला. ह्या लेकरांच्या वर्षात माझ्यामुळे चार दिवस मजेचे होते. मी फडात पोळी खात शून्य लिहीत होते, तेव्हा नाल्यात माझ्या नावाची सुट्टी चालली होती. मग तो आनंद टिकला नाही. बाकीचे दिवस कुणाच्या नावाचे होते? लहानपणी आम्हाला असा एक तरी दिवस मिळावा म्हणून मी देवाला साकडं घालायची. ट्रॅक्टर बंद पडू दे, टायर फुटू दे. आणि मोठी होऊन मी स्वतःच ते फुटलेलं टायर झाले होते. त्यापलीकडे काही नाही. मी शितलला म्हटलं, शिला मॅडम मीच आहे. तिनं माझ्याकडे नीट बघितलं, मग नाल्याकडे बघितलं, आणि काळजीच्या आवाजात म्हणाली, "मग आमी लपलो न्हाई ना."

तेवढ्यात काका आले, धोतराचा सोगा हातात धरून, जवळजवळ पळतच. "फोन करायचा ना बाई! चहा तरी ठेवला असता." मी म्हटलं, म्हणूनच नाही केला. ते समजले. खाली बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. ऊस तोडणं थांबलं, चांगुणा कोयता हातात तसाच घेऊन आली, मागून बाकीच्या आल्या. "चार साल मी तुझी अब्रू राखली," काका म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्यानं मला जास्त लागलं. "तुला शून्य पाहिजे होतं, मी शून्य दाखवलं. आता काय झालं?" मी वाढ्याचा तुकडा त्यांच्यासमोर ठेवला. हिंगोलीत म्हशीच्या चाऱ्यात सापडला, म्हटलं. "तुम्ही चपला लपवल्या, लेकरं लपवली. गाठ राहिली, काका." त्यांनी तो उचलून बघितला आणि त्यांना हसू आलं, नको तिथं येतं तसं. "सुंभ जळतो, पीळ न्हाई जळत," ते म्हणाले. चांगुणा हसली नाही. "लिहा तुमी," ती मला म्हणाली. "पन लिहून झाल्यावर पोरीला कुठं ठेवू ते बी लिहा. सासू वारली, तांड्यावर घराला कुलूप हाय. गोरेगावकडच्या शाळंत मागं लेकरायला ठेवून घेत होते हंगामात, ते बंद झालं. हेडमास्तर म्हणले, वरून यादीच न्हाई आली, लेकरं न्हाईत म्हणून." तिच्या बोलण्यात माझ्यावर राग नव्हता. तिला ठाऊकच नव्हतं की ती यादी माझ्याच फॉर्मवरून निघायची होती.

मी फॉर्म काढला. 'कामावर दिसलेली मुले' पुढे पेन टेकवलं, आणि खाली ती बारीक ओळ पुन्हा वाचली. पान दोन उलटलं. चार वर्षांत पहिल्यांदा. त्यावर रकाने होते: मुलाचे नाव, वय, इयत्ता, मूळ गाव, हंगामात राहण्याची सोय कोठे करता येईल. आणि तळाला लिहिलं होतं की अशा मुलांची सोय कारखाना व कंपनी मिळून तीस दिवसांत करतील, सोय झाल्यास टोळीचे काम थांबवले जाणार नाही. मी ते दोनदा वाचलं, मग मोठ्यानं वाचून दाखवलं. कंपनी तसं करेल का, कुणास ठाऊक. कागदावर तर होतं, आणि ते चार वर्षं माझ्या पिशवीत होतं, डब्याखाली, पोळीचं तूप लागू नये म्हणून मी जपलेलं. एवढी शरम मला जन्मात वाटली नव्हती. मी शितलचं नाव लिहिलं. मग टोळीतल्या गुलाबसिंगची दोन पोरं, मग एकेक. काका टोपीशी खेळत होते. दहा नावं झाल्यावर मी थांबले तेव्हा ते म्हणाले, "अकरा. माझी नात राहिली. निता. वय आठ." मी त्यांच्याकडे बघितलं. "लिही की," ते म्हणाले, "तोंड चालवायला शिकू दे तिला बी." शेऱ्याच्या जागी मी लिहिलं: 'याआधीच्या सर्व भेटींत मी आदल्या दिवशी फोन करून गेले होते. त्या नोंदी खऱ्या धरू नयेत.' खाली सही केली. निघताना शितल बांधापर्यंत आली. "मॅडम," ती म्हणाली, "आता लपायचं नसलं, तर सुट्टी कशी भेटंल?" मी, जी तोंड चालवते म्हणून शाळेत गेले ती, गप्प राहिले.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर सुचलं, चहा गरम असतानाच. मी काकांना फोन लावला. "काका, आज येते." "कालच तर येऊन गेली." म्हटलं, आजपण येते. बहुतेक. तुम्ही लेकरांना नाल्यावर बसवा, बिस्किटं द्या. काका सावकाश म्हणाले, "अन् उद्या?" उद्यापण फोन करीन, म्हटलं. तीस दिवस करीन. "रोज?" रोज. "तू येणार हायेस का नुसती सांगून राहिलीस?" ते, म्हटलं, तुम्ही कशाला बघता? चार वर्षं मी सांगितलं आणि तुम्ही बसवलं, आपली रीत आहे ती. ते खोकल्यासारखं हसले. मोळ्या मागं पडतील म्हणाले, चांगुणा बोंबलंल म्हणाले, आणि फोन ठेवला. पुण्याहून मला पत्र आलं की पुढील निर्णय होण्याआधी खुलासा सादर करावा. मी खुलासा तीन वेळा लिहिला, तिन्ही वेळा तोच. नोकरीचं काय होईल ते अजून कळलेलं नाही. गोरेगावकडचे हेडमास्तर मात्र म्हणालेत की यादी पोचली, खोल्या झाडून ठेवतो. हे डबल ड्युटी घेतायत आणि बसमध्ये सगळ्यांना सांगतायत की आमची मॅडम रोज बाळापूरला जाते, फोनवरून.

काल लेकीचा शाळेत काहीतरी कार्यक्रम होता, वेणी घालता घालता उशीर झाला आणि फोन करायचा राहून गेला. चहा घेऊन बसते न बसते तोच फोन वाजला. काका होते. "आज येणार हायेस का न्हाई बाई?" ते वैतागून म्हणाले. "लेकरं कवाची बिस्किटं मागून राहिलीत." मी म्हटलं, येतेय काका, निघालेच. फोन ठेवला तेव्हा पलीकडून कमलबाईंची हाक आली. नवा टेम्पो उतरला होता आणि त्या एका पेंढीशी झोंबत होत्या, खालून टोक शोधत, मी दाखवलं होतं तसं. "शिला," त्या म्हणाल्या, "ही गाठ बोटानं सुटून न्हाई राहिली गं. लई घट्ट बांधली मेल्यानं." मी जाऊन बघितलं. दोन पीळ होते. दुसरी पेंढी पाहिली, तिसरी पाहिली. मग आत गेले आणि त्यांना विळा आणून दिला.